तिघांपैकी एकाचा नकार : रश या बँडच्या ४१ वर्षांचा प्रकरण अभ्यास

प्रकरण कोणते

टोरांटोच्या रश या रॉक बँडमध्ये नील पिअर्ट २९ जुलै १९७४ रोजी दाखल झाले आणि त्या दिवसापासून १ ऑगस्ट २०१५ च्या मैफलीपर्यंत बँडमधील माणसे एकदाही बदलली नाहीत. बेस गिटार वाजवणारे, गाणारे आणि पुढे कीबोर्डही सांभाळणारे गेडी ली, गिटारवादक ॲलेक्स लाइफसन आणि ड्रम वाजवणारे, शिवाय जवळजवळ सगळ्या गाण्यांचे शब्द लिहिणारे पिअर्ट, असे हे तिघे. बँडच्या १९ स्टुडिओ अल्बमपैकी पहिला सोडला तर उरलेले १८ याच तिघांचे आहेत. रॉक संगीतात दीर्घायुषी बँड दुर्मीळ नाहीत. मात्र त्यांतल्या अनेकांचे आयुष्य नावाचे असते, माणसांचे नसते. एक जण जातो, दुसरा येतो, पाटी तीच राहते आणि जुनी गाणी नव्या हातांनी वाजत राहतात. रशच्या बाबतीत नाव आणि माणसे यांचे आयुष्य चार दशके एकच होते, म्हणूनच त्याचा अभ्यास करण्यासारखा आहे.

या दीर्घायुष्याचे कारण विचारले की बहुतेक वेळा मैत्रीकडे बोट दाखवले जाते. ली आणि लाइफसन हे शाळेपासूनचे मित्र होते आणि तिघांनाही एकमेकांच्या विनोदांवर मनापासून हसता येत असे, हे खरेच आहे. पण मैत्री असलेले कितीतरी बँड पाच वर्षांत फुटले आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते रशच्या टिकण्यामागे एक न लिहिलेला नियम होता : तिघांपैकी कोणाही एकाने थांबू या असे म्हटले, तर बँड थांबेल आणि त्याच्या जागी चौथा माणूस शोधला जाणार नाही. या नियमाची परीक्षा दोनदा झाली, १९९७ साली आणि २०१५ साली, आणि दोन्ही वेळा नकार एकाच माणसाकडून आला. पहिल्या वेळी त्याच नियमाने बँड वाचवला, दुसऱ्या वेळी त्यानेच तो संपवला. या लेखात मुख्यतः या दोन प्रसंगांचा विचार केला आहे. मात्र त्यांच्यामागची घडण समजून घेतल्याशिवाय ते नीट कळणार नाहीत.

घडण

बँडची सुरुवात १९६८ साली झाली. लाइफसन हे सर्बियन स्थलांतरितांचे चिरंजीव, तर ली यांचे आईवडील नाझी छळछावण्यांतून वाचून कॅनडात आलेले. (लाइफसन हे नाव म्हणजे त्यांच्या मूळ झिवोयिनोविच या आडनावाचे जवळजवळ शब्दशः भाषांतर, म्हणजे ‘जीवनपुत्र’, दीर्घायुष्यावरील लेखात हे नमूद केल्यावाचून राहवत नाही.) पहिले ड्रमर जॉन रट्सी यांना मधुमेह होता आणि लांबलांबच्या दौऱ्यांची त्यांना ओढही नव्हती. १९७४ साली पहिला अल्बम निघाला आणि अमेरिकेच्या पहिल्या मोठ्या दौऱ्याला काही दिवसच उरले असताना ते बाहेर पडले. त्यांच्या जागी पिअर्ट आले, तेव्हा ते वडिलांच्या शेतीयंत्रांच्या सुट्या भागांच्या दुकानात काम करत होते. दाखल झाल्यानंतर १६ दिवसांनी, १४ ऑगस्ट १९७४ रोजी, पिट्सबर्ग येथे त्यांची नव्या सोबत्यांबरोबरची पहिली मैफल झाली.

कामाची वाटणी जवळजवळ अपघातानेच ठरली. ली आणि लाइफसन यांना शब्द लिहिण्यात फारसा रस नव्हता आणि नवा ड्रमर सतत वाचताना दिसे, म्हणून गीतलेखन त्याच्याकडे सोपवण्यात आले. पुढे ही वाटणी पक्की झाली : शब्द पिअर्ट यांचे, संगीत ली आणि लाइफसन यांचे, आणि गाण्यांच्या श्रेयातही तसेच छापले जाई. बँड फुटण्याच्या कारणांत हे गाणे नेमके कोणाचे या वादाचा क्रमांक बराच वर लागतो. इथे तो वाद उद्भवायला जागाच राहिली नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, दुसऱ्याने लिहिलेले शब्द ली यांना आपल्या तोंडून गायचे होते. जी ओळ गळ्यातून नीट निघत नसे, ती परत जाई आणि पिअर्ट ती पुन्हा लिहून देत. आपल्या ओळीवर अडून न बसणारा गीतकार आणि न पटलेली ओळ रेटून न गाणारा गायक, ही दोन माणसे एका बँडमध्ये असणे हे अर्धे भांडण मिटल्यासारखेच आहे.

बाहेरच्या दबावाला तिघांनी एकत्र तोंड देण्याचा प्रसंग लवकरच आला. १९७५ साली निघालेला त्यांचा तिसरा अल्बम चालला नाही. सभागृहे लहान होत गेली आणि त्या दौऱ्याला बँडने स्वतःच बुडीत दौरा अशा अर्थाचे नाव दिले. रेकॉर्ड कंपनीला रेडिओवर वाजतील अशी छोटी, सोपी गाणी हवी होती. तिघांनी विचार केला की बुडायचेच असेल तर आपल्या मनासारखे वाजवून बुडावे, आणि १९७६ साली ‘२११२’ हा अल्बम केला, ज्याची पहिली संपूर्ण बाजू सुमारे २० मिनिटांच्या एकाच सलग रचनेने व्यापली आहे. अल्बम चालला आणि त्यानंतर काय वाजवावे हे त्यांना कोणी सांगितले नाही. या घटनेकडे कलास्वातंत्र्याचा विजय म्हणून पाहण्याची प्रथा आहे. दीर्घायुष्याच्या दृष्टीने मात्र तिचा दुसराच परिणाम मोलाचा ठरला. वयाच्या तेविशी-चोविशीतच तिघांना कळून चुकले की निर्णय आपल्या खोलीतच होतो आणि तो तिघांचा असतो.

हे सगळे सुरळीत चालले होते असे समजण्याचे कारण नाही. १९८० च्या दशकात कीबोर्डचा वापर इतका वाढला की लाइफसन यांची गिटार मागे ढकलली गेली, आणि आपण त्या काळात खूश नव्हतो हे त्यांनी पुढे मुलाखतींतून मोकळेपणाने सांगितले आहे. दुसऱ्या एखाद्या बँडमध्ये असा गिटारवादक दोन वर्षांत बाहेर पडला असता किंवा त्याने वकील गाठला असता. इथे ती नाराजी अनेक वर्षे धुमसत राहिली, बोलली गेली, आणि १९८९ पासून हळूहळू, अल्बमगणिक, गिटार पुन्हा पुढे आली. १९९३ च्या अल्बमपर्यंत कीबोर्ड बऱ्याच अंशी मागे सरले होते. म्हणजे एका सदस्याची तक्रार पूर्णपणे दूर व्हायला जवळजवळ दहा वर्षे लागली. ही संथ गती दोष आहे की गुण, यावर दुमत होऊ शकते. तडकाफडकी निकाल लावण्याची सवय नसणे हाच या बँडचा स्वभाव होता आणि पुढे १९९७ साली तोच कामी आला, असे मला वाटते.

अंतर राखण्याची मुभा

तिघांनी सतत एकत्र असावे अशी अपेक्षा बँडने हळूहळू सोडून दिली, हा या घडणीतील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. १९७४ ते १९७८ या पाच वर्षांत त्यांचे सहा अल्बम निघाले आणि मधला सगळा वेळ दौऱ्यात गेला. तो वेग कोणालाही पेलणारा नव्हता. पुढे अल्बममधले अंतर वाढत गेले : १९९३ नंतर १९९६, मग २००२, मग २००७, आणि अखेरचा २०१२ साली. मधल्या काळात दौरे होत होते, पण घरी राहण्याचे महिनेही ठरवून वाढवले जात. १९९० च्या दशकाच्या मध्यात ली यांच्या घरी मूल जन्मले तेव्हा बँडने दीर्घ सुटी घेतली आणि तेवढ्यात लाइफसन यांनी स्वतःचा स्वतंत्र अल्बम करून घेतला.

त्याच सुटीत पिअर्ट यांनी जे केले ते कोणत्याही वादकाने लक्षात घ्यावे असे आहे. जगभर नाव झालेले असताना, चाळिशी ओलांडल्यावर, ते फ्रेडी ग्रुबर या जॅझ ड्रमशिक्षकाकडे विद्यार्थी म्हणून गेले. त्यांनी काठी धरण्याची पद्धत बदलली, बसण्याची उंची आणि ड्रमची मांडणी बदलली आणि ताल अंगात कसा फिरतो याचे धडे पुन्हा पहिल्यापासून गिरवले. तीस वर्षे एकच काम करणाऱ्या माणसाला त्याच त्या कामाचा कंटाळा येतो, आणि बँड फुटण्याला हा कंटाळा अहंकाराइतकाच कारणीभूत असतो, मात्र त्याची चर्चा होत नाही. त्यावर पिअर्ट यांनी काढलेला उपाय वाद्य सोडण्याचा नव्हता, ते वाद्य नव्याने शिकण्याचा होता.

दौऱ्यातही अंतराची सोय होती. चाहत्यांना भेटणे पिअर्ट यांना मनापासून अवघड जाई, त्यामुळे भेटीगाठींचे काम ली आणि लाइफसन करत आणि पिअर्ट यांना त्यासाठी कोणी भरीस घालत नसे. १९९६-९७ च्या दौऱ्यापासून ते एका शहरातून दुसऱ्या शहराला मोटारसायकलने जाऊ लागले. त्यांची बस वेगळी असे, तिच्यामागे मोटारसायकलींचा ट्रेलर असे आणि मैफल संपताच ते निघून जात. बाहेरून पाहणाऱ्याला हे फुटीचे लक्षण वाटले असते. प्रत्यक्षात, रोज संध्याकाळी जवळजवळ तीन तास एकमेकांच्या श्वासावर श्वास ठेवून वाजवणाऱ्या माणसांना उरलेले एकवीस तास एकमेकांपासून सुटका मिळत होती.

पहिला नकार : १९९७

१९९६-९७ चा तो दौरा ४ जुलै १९९७ रोजी ओटावात संपला. १० ऑगस्टला पिअर्ट यांची एकुलती एक मुलगी, वय १९, मोटार अपघातात मरण पावली. जून १९९८ मध्ये त्यांच्या पत्नीचे कर्करोगाने निधन झाले. मुलीच्या अंत्यविधीच्या वेळीच पिअर्ट यांनी दोघा सोबत्यांना सांगितले होते की आता मला निवृत्त समजा.

ऑगस्ट १९९८ मध्ये ते क्वेबेकमधल्या घरातून मोटारसायकलवर निघाले आणि कॅनडा, अलास्का, अमेरिकेची संस्थाने, मेक्सिको, बेलिझ असे भटकत १४ महिन्यांत सुमारे ८८,००० किलोमीटर फिरले. या प्रवासावर त्यांनी पुढे पुस्तकही लिहिले. त्या काळात ते ड्रमला जवळजवळ शिवले नाहीत.

आता बाकीच्या दोघांची स्थिती पाहावी. दोघेही पंचेचाळिशीच्या आसपासचे, हातात कसब, दारात प्रेक्षक आणि २३ वर्षे उभा केलेला व्यवसाय. ड्रमर बदलून पुढे जाण्याचा मार्ग रॉकच्या इतिहासात पुरेसा मळलेला होता आणि तसे केले असते तर त्यांना फार कोणी दोष दिला नसता. त्यांनी तसे केले नाही. आधी ध्वनिमुद्रित केलेल्या मैफलींचा एक संच नोव्हेंबर १९९८ मध्ये निघाला आणि तो पिअर्ट यांच्या दिवंगत पत्नी व मुलीच्या स्मृतीला अर्पण केलेला होता. ली यांनी २००० साली आपला एकट्याचा अल्बम काढला. बँड विसर्जित झाल्याची घोषणा मात्र झाली नाही आणि तो परत येणार असल्याचीही झाली नाही. कोणतीच तारीख दिली गेली नाही.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा या मौनात आहे. दुःखात असलेल्या सहकाऱ्याला आपण तुझी वाट पाहत आहोत असे वारंवार सांगणे दिसायला प्रेमळ असते, पण प्रत्येक वेळी त्याच्यावर थोडे ओझे टाकते. आम्ही तुझ्याविना पुढे जात आहोत असे सांगणे निदान स्पष्ट तरी असते, पण त्याने दार बंद होते. ली आणि लाइफसन यांनी दोन्ही टाळले. त्यांनी निवृत्ती खरी मानली, तिच्याविरुद्ध युक्तिवाद केला नाही, आणि तरीही जागा भरली नाही. निवृत्ती खरी मानल्यामुळेच परत येणे हा पिअर्ट यांचा स्वतःचा निर्णय ठरू शकला. त्यांची समजूत घालून, आर्जव करून त्यांना परत आणले असते तर पुढल्या पहिल्या कठीण आठवड्यात ते परत गेले असते, असा तर्क करायला हरकत नाही.

याला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितली पाहिजे. अशी वाट पाहणे ज्यांना परवडते तेच पाहू शकतात. १९९७ पर्यंत बँडच्या जुन्या अल्बमची विक्री चालू होती आणि तिघांपैकी कोणाचीही चूल मैफलींवाचून विझणार नव्हती. दोन अल्बम झालेल्या, कर्जात असलेल्या बँडला हाच सल्ला देणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे महत्त्व सांगण्यासारखे आहे. शिवाय बँड म्हणजे केवळ तीन माणसे नव्हेत. प्रकाशयोजना, ध्वनी, वाद्यांची देखभाल यासाठी वर्षानुवर्षे बरोबर असलेली माणसे होती आणि दौरा नसला की त्यांना दुसरीकडे काम शोधावे लागते. तिघांच्या संयमाची किंमत या लोकांनीही मोजली, याची नोंद सहसा होत नाही.

परत येणे

सप्टेंबर २००० मध्ये पिअर्ट यांनी पुन्हा विवाह केला आणि त्यानंतर काम करून पाहण्याची तयारी दाखवली. जानेवारी २००१ मध्ये तिघे टोरांटोत जमले. ली आणि लाइफसन एका खोलीत सुरावटी शोधत बसत आणि पिअर्ट वेगळ्या खोलीत हात परत वळवण्यासाठी एकटेच सराव करत व शब्द लिहीत. अंतिम मुदत ठरवलेली नव्हती आणि अल्बम व्हायला सुमारे १४ महिने लागले. मे २००२ मध्ये आलेल्या ‘व्हेपर ट्रेल्स’मध्ये कीबोर्ड नाहीत आणि त्याच्या पहिल्या गाण्याची सुरुवात ड्रमच्या धडधडाटाने होते. परत आलेल्या माणसाला सोबत्यांनी दिलेली ही दाद शब्दांवाचून पोहोचते.

हा अल्बम निर्दोष नाही. ध्वनीची पातळी इतकी चढवली गेली की आवाज फाटतो आणि काही गाण्यांत वाद्ये एकमेकांत मिसळून जातात. हा दोष बँडलाही इतका खुपत राहिला की २०१३ साली संपूर्ण अल्बमचे ध्वनिमिश्रण नव्याने करून तो पुन्हा प्रकाशित करावा लागला. मला यात पुनरागमनाची घाई दिसत नाही, उलट दीर्घ काळ एकाच कामात बुडून राहिल्यावर कान कसे थकतात ते दिसते. मुदत नसण्याचा हा तोटा आहे : बरे होण्यासाठी ती सोय उत्तम, ध्वनिमिश्रणासाठी नव्हे.

दौरा २८ जून २००२ रोजी हार्टफर्ड येथे सुरू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते पहिल्यांदाच ब्राझीलला गेले आणि साओ पाउलो येथे सुमारे ६०,००० श्रोते आले. बँड पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता आणि त्याची तोवरची सर्वांत मोठी मैफल रंगमंचावरच्या जवळजवळ पाच वर्षांच्या मौनानंतर झाली होती. पुढची १३ वर्षे त्यांनी जे काम केले, दोन नवे अल्बम आणि अनेक दौरे, ते सगळे या थांबण्यानंतरचे आहे.

दुसरा नकार : २०१५

दुसऱ्या नकाराला शोकांतिकेची पार्श्वभूमी नव्हती आणि म्हणूनच तो पचायला अवघड गेला. वाद्याप्रमाणे शरीर झिजते, पण ते सगळ्यांचे एकाच वेगाने झिजत नाही. बेस गिटार वाजवणारा साठीतही साधारण तेच वाजवू शकतो, गायकाला काही सूर खाली उतरवून वेळ निभावता येते. पण रशच्या रचनांत ड्रमवर बसलेल्या माणसाला जवळजवळ तीन तास खांदे, कोपरे, मनगटे आणि पावले अखंड कामाला लावावी लागत. पिअर्ट यांना स्नायुबंधांचा जुना दाह होता, खांदे दुखत, आणि २०१५ च्या दौऱ्यात पायाला संसर्ग झाल्याने प्रत्येक ठोका वेदना देई. लाइफसन यांनाही संधिवात होता, पण वाजवत राहण्याची इच्छा होती. ली यांचीही होती. शिवाय पिअर्ट यांना दुसऱ्या विवाहातून २००९ साली मुलगी झाली होती. पहिल्या मुलीच्या लहानपणी आपण दौऱ्यांवर होतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याने दुसऱ्या मुलीच्या बाबतीत काय ठरवले असेल हे समजणे अवघड नाही.

‘आर४०’ हा दौरा ८ मे २०१५ रोजी टल्सा येथे सुरू झाला. एकूण ३५ मैफली होत्या आणि त्या सगळ्या उत्तर अमेरिकेत. रंगमंचाची रचना काळात उलटी जाणारी होती : सुरुवातीला नवी गाणी आणि भरगच्च मांडणी, मग गाणी जुनी होत जात तसतसे मदतनीस एकेक वस्तू उचलून नेत, आणि शेवटी खुर्च्यांवर ठेवलेले छोटे ॲम्प्लिफायर आणि शाळेच्या व्यायामशाळेचे चित्र उरे, जिथून हे सगळे सुरू झाले होते. याच दौऱ्यात त्यांनी १९८२ सालचे एक गाणे पहिल्यांदा जाहीरपणे वाजवले, ज्यात एक नर्तकी आणि एक लेखक यांची शक्ती वयाबरोबर ओसरत जाते. पिअर्ट यांनी ते तिशीच्या आसपास लिहिले होते. ३३ वर्षे ते रंगमंचावर आले नव्हते आणि आले तेव्हा लिहिणाऱ्याचे वय ६२ होते.

शेवटची मैफल १ ऑगस्ट २०१५ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या फोरम या सभागृहात झाली. मैफल संपल्यावर रंगमंचाच्या पुढे येऊन सोबत्यांबरोबर अभिवादन करण्याची प्रथा पिअर्ट यांनी कधी पाळली नव्हती. ड्रमपुढची ती रेषा ते ओलांडत नसत. त्या रात्री त्यांनी ती ओलांडली, पुढे येऊन दोघांना मिठी मारली. ली आणि लाइफसन यांच्या दृष्टीने बोलणे अजून पूर्ण संपलेले नव्हते. या कृतीने ते संपले.

ली यांनी २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आणि त्या सुमारास दिलेल्या मुलाखतींत त्या काळातील आपली नाराजी लपवलेली नाही. त्यांना आणखी मैफली हव्या होत्या, इंग्लंड आणि युरोपातल्या श्रोत्यांचा निरोप घ्यायचा होता, त्यासाठी त्यांनी आग्रहही धरला आणि तो मान्य झाला नाही. दीर्घायुषी बँडवरच्या गौरवपर लेखनात ही नाराजी वगळली जाते, पण मला ती सर्वांत मोलाची नोंद वाटते. एकाच्या नकाराला अंतिम मानायचे म्हणजे दोघांनी आपली इच्छा गिळायची, आणि गिळलेली इच्छा पचतेच असे नाही. नियम पाळला गेला, पण तो आनंदाने पाळला गेला नाही. १९९७ मध्ये जे सहज वाटले ते २०१५ मध्ये कष्टाचे होते, कारण शोकापुढे माणूस आपोआप गप्प होतो, तर थकलेल्या खांद्याबद्दल त्याला मनात कुठेतरी वाटते की अजून थोडे ताणता आले असते.

डिसेंबर २०१५ मध्ये पिअर्ट यांनी लिहिले की खेळाडूप्रमाणे वादकालाही मैदान सोडण्याची वेळ येते आणि हात कमी पडण्याआधी बाजूला होणे आपल्याला पसंत आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांना मेंदूचा कर्करोग असल्याचे निदान झाले. त्यांच्या इच्छेनुसार ते तीन वर्षांहून अधिक काळ गुप्त ठेवले गेले. या काळात ली आणि लाइफसन यांना बँड पुन्हा कधी दिसणार असे सतत विचारले जाई आणि खरे उत्तर देता येत नसे. पिअर्ट यांचे ७ जानेवारी २०२० रोजी निधन झाले आणि जगाला ते तीन दिवसांनी कळले. निदानानंतर बँडचा प्रश्नच उरला नव्हता, तरी त्यांच्या शब्दाला असलेला मान त्या तीन वर्षांतही टिकला.

उरलेले दोघे

पिअर्ट यांच्या निधनानंतर दीर्घ काळ दोघांनी बँडच्या नावाने काही केले नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये दुसऱ्या एका दिवंगत ड्रमरच्या स्मरणार्थ लंडन आणि लॉस एंजेलिस येथे झालेल्या मैफलींत त्यांनी वेगवेगळ्या पाहुण्या ड्रमरांबरोबर रशची काही गाणी वाजवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी रश या नावाने २०२६ सालच्या दौऱ्याची घोषणा केली. ड्रमसाठी त्यांनी जर्मनीच्या ॲनिका निलेस यांना निवडले, ज्यांनी २०२२ साली गिटारवादक जेफ बेक यांच्या दौऱ्यात वाजवले होते. पिअर्ट यांच्या पत्नी आणि मुलीने या दौऱ्याला जाहीर पाठिंबा दिला.

यामुळे मूळ नियम मोडला का, असा प्रश्न चाहत्यांत विचारला जातो. माझे उत्तर असे की तो नियम जिवंत माणसांतला होता. जोवर नकार देणारा हयात होता तोवर त्याची जागा रिकामी राहिली आणि तो गेल्यानंतरही जवळजवळ सहा वर्षे राहिली. चौथ्या माणसाला बोलावण्याआधी ज्यांना विचारायला हवे होते त्यांना विचारले गेले. तरीही हा आता तोच बँड आहे असे मी म्हणणार नाही, आणि त्या दोघांचाही तसा दावा असेल असे वाटत नाही. तिघांत एकाचा नकार अंतिम ठरतो, कारण तिघांपैकी प्रत्येक जण आपल्यावाचून हे होणार नाही हे जाणतो. दोघे आणि एक नवी सोबती यांच्यात नकाराचे वजन कसे वाटले जाईल, हे त्यांना पहिल्यापासून ठरवावे लागेल, जसे १९७४ साली दोघे मित्र आणि शेतीयंत्रांच्या दुकानातून आलेला एक नवखा यांना ठरवावे लागले होते. नव्या दौऱ्याची सुरुवात त्यांनी जून २०२६ मध्ये फोरमपासून ठरवली, ११ वर्षांपूर्वी पिअर्ट जिथे ड्रममागून उठून पुढे आले होते त्याच रंगमंचावरून.